गंगापूर रोडवरचा इतिहासाचा वर्ग: तंबाखूची पट्टी वाचायला शिकवणारा

नाशिकला गंगापूर रोडवर एक निवृत्त प्राध्यापक रविवारी सकाळी घरीच इतिहासाचा वर्ग घेतात. यंदाचा विषय होता स्वातंत्र्याआधीची अमेरिका: तिथली मजुरी, व्यापार, पैसा. मी निफाड तालुक्यातली. घरची द्राक्षबाग आहे आणि निर्यातीचा हिशेब माझ्याकडे असतो. नुसत्या सनावळ्या ऐकायला मी एवढ्या लांब गेले नसते. तिथे हिशेब शिकवतात असं कळलं म्हणून गेले, आणि ज्यांचं पोट शेतमालावर आहे त्यांनी जरूर जावं असं मनापासून सांगते.

वर्गाचा जीव म्हणजे तंबाखूचा तास. व्हर्जिनियातला बडा मळेवाला हजारएक पौंड तंबाखू एकेका लाकडी पिंपात दाबून भरायचा आणि लंडनच्या व्यापाऱ्याकडे विकायला पाठवायचा. इंग्लंड आणि इंग्रजांच्या वसाहती सोडून दुसरीकडे थेट माल धाडायला १६६० च्या कायद्यानं बंदीच होती. विक्री होईपर्यंत माल मळेवाल्याचा, म्हणजे जोखीमही त्याचीच. सरांनी फळ्यावर पट्टी, म्हणजे विक्रीतून खर्च वजा करून हाती काय उरलं त्याचा हिशेब, मांडली: विक्रीची रक्कम, वजा जहाजभाडं, वजा जकात, वजा गोदाम, वजा दलाली. उरल्या पैशात मळेवाल्यानं मागवलेलं कापड, भांडी, अवजारं तोच व्यापारी खरेदी करून पाठवणार, आणि कमी पडले तर उधारी खात्यावर चढवणार. जॉर्ज वॉशिंग्टनसुद्धा लंडनच्या रॉबर्ट केरी कंपनीच्या अशाच खात्यात कर्जात गेला आणि १७६० च्या दशकात तंबाखू सोडून गव्हाकडे वळला. आमचा एक कंटेनर युरोपात पोचल्यावर ‘मणी मऊ निघाले’ असा निरोप आला होता आणि पट्टीची रक्कम निम्म्यावर आली होती. मणी बघायला आमचं तिथे कोणी नव्हतं. सरांची ती पट्टी मी वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली.

त्याला जोडूनच १७३० चा तपासणी कायदा आला. सरकारी गोदामात पिंपं फोडून बघायची, खराब पानं जाळायची आणि चांगल्या मालाची पावती द्यायची. ती पावती बाजारात पैशासारखी फिरायची. तिथल्या पाद्र्यांचा वर्षाचा पगारच १६,००० पौंड तंबाखू असा ठरलेला होता. नाण्यांची टंचाई असलेल्या मुलखात पीक हेच चलन झालं, ही गोष्ट सरांनी फार सुरेख उलगडली.

मजुरीच्या तासाला त्यांनी प्रत्येकाच्या हातात कागद दिला. एकच करार दोनदा लिहायचा आणि मधून वाकडातिकडा कापायचा, म्हणजे मालक आणि मजूर यांच्या प्रती पुढे जुळवून बघता येतात. बोटीच्या भाड्यापायी इंग्लंडमधली गरीब पोरं अशा करारावर साधारण चार ते सात वर्षं बांधली जायची. वर्गात कोणी तरी म्हणालं, ही तर आपल्याकडची उचल. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या छाटणीला येतात, त्यामुळे मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण सरांनी फरक नीट दाखवला: तिथे मालक उरलेल्या मुदतीसह माणूस दुसऱ्याला विकू शकायचा, परवानगीशिवाय लग्न करता यायचं नाही, आणि पळून सापडला तर मुदत वाढायची.

माझी तक्रार गुलामगिरीच्या तासाबद्दल आहे. १६१९ मध्ये व्हर्जिनियात आफ्रिकन माणसं उतरवली गेली, १६६२ च्या कायद्यानं गुलाम आईचं मूल जन्मतःच गुलाम ठरलं, १७०५ मध्ये सगळे नियम एकत्र बांधले गेले. एवढं सगळं शेवटच्या अर्ध्या तासात उरकलं. ज्या पिंपांची पट्टी आपण इतकी बारकाईनं वाचली, त्यातली पानं अठराव्या शतकात मुख्यतः याच माणसांनी लावली, खुडली, वाळवली. त्यांना ना मुदत होती ना कराराचा कागद. पट्टीच्या तासातच त्यांचा हिशेब यायला हवा होता. मी सरांना तसं सांगितलं आणि त्यांनी ते टिपून घेतलं.

फी परवडणारी आहे, टिपणं मराठीत आणि सुवाच्य छापलेली मिळतात. वरच्या मजल्यावर चढावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचारून जावं. द्राक्षवाल्यांसाठी मात्र वेळ अवघड आहे: माल काढणीच्या दिवसांत रविवारही मोकळा मिळत नाही. पुढची तुकडी जुलै-ऑगस्टमध्ये, गोडी छाटणीच्या आधी ठेवली, तर आमच्या गावातून गाडी भरून माणसं येतील.