३ लिटरची अल्ट्रासोनिक टाकी: कार्ब धुवायला घ्यावी का?

ऑनलाइन मिळणाऱ्या ३ लिटरच्या स्टीलच्या अल्ट्रासोनिक टाक्या बहुतेक एकाच घाटाच्या असतात. आतून लांबी २४० मिलिमीटर, रुंदी १३५, खोली १००. तळाला ६० वॉटचे दोन ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी सोडणारे भाग), ४० किलोहर्ट्झ, १०० वॉटचा हीटर आणि डिजिटल टायमर. स्टिकर बदलतं, आतला माल तोच. म्हणून हा रिव्ह्यू एखाद्या कंपनीचा नाही, या घाटाच्या मशीनचा आहे, आणि तोही मोटारसायकलचा कार्ब, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा कार्ब्युरेटर, धुण्यापुरता.

मशीन कामाचं आहे, पण पूर्ण खोललेल्या कार्बसाठी. नुसती खालची पेट्रोलची वाटी काढून अख्खा कार्ब आत बुडवणाऱ्याला पैसे वाया गेल्यासारखे वाटतील. लहरींमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि पृष्ठभागावर फुटतात, त्या फुटण्याच्या मारानेच मळ सुटतो. जिथे द्रव पोचत नाही, तिथे बुडबुडाही नाही. नेमकी अडचण असते ती पायलट जेटची, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या छोट्या पितळी नळीची. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. गाडी पावसाळाभर पार्किंगमध्ये उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळा थर राहतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यामुळे त्यात हवेतला ओलावाही उतरतो, वाटीच्या तळाला पांढरी भुकटी धरते आणि पितळेवर हिरवट डाग येतात. अशी गाडी चोकवर चालू होते, चोक ढकलला की बंद पडते. कार्बच्या आतल्या, हात न पोचणाऱ्या पेट्रोलच्या वाटा साफ करण्यासाठीच ही टाकी घ्यायची.

खोलताना घाई नको. मिकुनी आणि कीहिनच्या कार्बचे स्क्रू जपानी खाचेचे असतात. साधा स्टार स्क्रूड्रायव्हर लावला की डोकं गोल होतं, मग ड्रिल मारण्याची वेळ येते. हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणारा एअर स्क्रू किंवा मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा. जोर लावून टेकवलात तर त्याचं टोक आणि सीट दोन्ही खराब होतात. स्क्रूबरोबर स्प्रिंग असते, बऱ्याच कार्बमध्ये त्यामागे बारीक वॉशर आणि ओ-रिंगही. ही ओ-रिंग खाचेत चिकटून बसते आणि नेमकी तीच विसरली जाते. आरएक्स १००, स्प्लेंडरच्या स्लाइडच्या कार्बमध्ये रबर फारसं नाही, पण पल्सर १५० किंवा जुन्या क्लासिक ३५०च्या सीव्ही कार्बमध्ये (ज्यात स्लाइड केबलने नाही, इंजिनाच्या ओढीने उचलली जाते) वरच्या झाकणाखाली रबरी डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, असतो. तो, फ्लोट (वाटीत तरंगणारा भाग), रबरी टोकाची फ्लोट व्हॉल्व्हची सुई आणि सगळ्या ओ-रिंगा टाकीत अजिबात जाऊ द्यायच्या नाहीत. टीपीएस (थ्रॉटल किती उघडा आहे ते सांगणारा सेन्सर) असेल तर काढण्याआधी त्याच्या जागेवर खूण करून ठेवा, नाहीतर परत बसवताना आयडलिंग जुळता जुळत नाही.

द्रवाच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान होतं. टॉयलेट क्लीनरने कार्ब ‘चकाचक’ होतो असं सांगणारे भेटतात. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताची बॉडी खातं. कॉस्टिकने बॉडी काळी पडते. पेट्रोल, थिनर, स्पिरिट तर कधीच नाही: खाली हीटर आहे, वर झाकण आहे, आत वाफ साठते. याच कारणाने कार्बमधलं उरलेलं पेट्रोलही आधी पूर्ण निथळून घ्यायचं. लेबलवर अ‍ॅल्युमिनियमला सुरक्षित असं स्पष्ट लिहिलेलं सौम्य अल्कलाइन सोल्युशन घ्यावं. साधारण ५ ते १० टक्के पुरतं, म्हणजे २ लिटर पाण्यात १०० ते २०० मिली. भांडी घासायचं लिक्विड ग्रीस काढतं, वाळलेल्या पेट्रोलच्या थरापुढे मात्र हरतं.

आता हीटर. या मशीनची सर्वांत कच्ची बाजू हीच. २ लिटरच्या वर भरलेलं पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला १०० वॉटच्या हीटरला हिशोबानेच पाऊण तास लागतो, उघड्या टाकीत त्याहूनही जास्त. त्यापेक्षा गिझरचं कडक पाणी ओता आणि हीटर फक्त तापमान टिकवायला ठेवा. ५० ते ६० अंश हे योग्य तापमान. त्याच्या फार वर गेलं की बुडबुड्यांत वाफ भरते आणि मार सौम्य होतो. नवीन द्रव ओतल्यावर टाकी ५ ते १० मिनिटं रिकामीच, म्हणजे पार्ट न टाकता चालवायची, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते. पण द्रवाशिवाय एक मिनिटही नाही, ट्रान्सड्यूसर जळतात.

बॉडी कधीही थेट तळावर ठेवू नये, बास्केटमध्येच ठेवावी. आत सोडताना ती हळूच कलती करत फिरवा. वाटांमधली हवा बुडबुड करत बाहेर येताना दिसते, ती थांबली की मगच सुरू करा. १० मिनिटांचा एक फेरा, मग बॉडी उलटी करून दुसरा, फार मळ असेल तर तिसरा. सलग तासभर ठेवण्याचा काही फायदा नाही, रंग मात्र उतरू लागतो.

जेट बास्केटच्या जाळीतून खाली पडतात म्हणून बरेच जण ते चहाच्या गाळणीत टाकतात. बारीक जाळी लहरी अडवते. पातळ काचेच्या ग्लासात तेच सोल्युशन घेऊन त्यात जेट टाकावेत आणि ग्लास तळाला न टेकता अर्धा बुडवून ठेवावा. साफ झालेला पायलट जेट उजेडासमोर धरला की स्वच्छ गोल ठिपका दिसतो. ठिपका कडेने वाकडा दिसला तर अजून थर आहे. पूर्ण बंद झालेल्या जेटमध्ये आधी कार्ब क्लीनर मारून तासभर ठेवावं आणि मग टाकीत टाकावं. फारच झालं तर मऊ तांब्याच्या वायरची एक तार. स्टीलची सुई घातली की भोक मोठं होतं, मग आयडलिंगचं ट्युनिंग गेलं.

धुतल्यावर गरम पाण्याने खळखळून घ्या. बोअरचं जड पाणी वाळलं की वाटांमध्ये पांढरे डाग धरतात, तेव्हा शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने. लगेच हवा मारून वाळवा. मग खरी परीक्षा: पायलटच्या वाटेत कार्ब क्लीनर मारला की थ्रॉटलजवळच्या सगळ्या बारीक भोकांतून धार यायला हवी. एकातूनही आली नाही तर बॉडी परत टाकीत.

जे या मशीनने होत नाही तेही सांगायला हवं. अंडाकृती झालेला नीडल जेट, खाच पडलेली फ्लोट व्हॉल्व्हची सुई, ओरखडलेली स्लाइड, कार्ब इंजिनला जोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या रबराला पडलेली चीर: धुवून यातलं काहीच सुधारत नाही. ओव्हरफ्लो होणारी गाडी धुतल्यावरही ओव्हरफ्लोच होते, तिथे किट बदलावं लागतं. पांढऱ्या भुकटीने खाल्लेले खड्डेही तसेच राहतात.

२ लिटरचं मॉडेल घेऊ नका. त्यात एकच ट्रान्सड्यूसर असतो आणि लांबी १५० मिलिमीटर, बुलेटचा कार्ब आत नीट फिरवता येत नाही. या ३ लिटरच्या टाकीला बहुतेक वेळा ड्रेनचा नळ नसतो, मशीन उचलून ओतावं लागतं आणि ओतताना पाणी पॅनेलवर उतरतं. ओतायच्या आधी प्लग काढा. प्लगही अर्थिंग असलेल्या थ्री-पिन सॉकेटमध्येच हवा. वापरलेल्या द्रवात पेट्रोल आणि ऑइल असतं, तो गटारात न सोडता कॅनमध्ये भरून जळक्या ऑइलबरोबर द्यावा. गॅरेजसाठी किंवा घरात तीन-चार जुन्या गाड्या असतील तर टाकी जरूर घ्यावी. एकच गाडी असेल तर कार्ब स्वतः खोलून नुसती बॉडी आणि जेट टाकी असलेल्या गॅरेजमधून धुवून आणणं स्वस्त पडतं.

मशीन घरी आल्याच्या दिवशीच स्वयंपाकघरातल्या फॉइलची पट्टी घ्या, टाकीच्या लांबीइतकी. ती द्रवात उभी धरून मिनिटभर चालवा. बोटं मात्र द्रवाच्या वर ठेवा. पट्टीवर सगळीकडे बारीक भोकं आणि खड्डे दिसायला हवेत. एक बाजू चाळणीसारखी आणि दुसरी कोरी राहिली तर एक ट्रान्सड्यूसर मेलेला आहे. रिटर्नची मुदत असेपर्यंत मशीन परत पाठवा.