सेंट मार्टिनचं ई-सिम: चाललं, पण अर्ध्याच बेटावर (2 स्टार)

क्रूझ शिपवर गॅलीत (म्हणजे किचनमध्ये) काम करतो, शिप पोर्टला लागली की हातात जेमतेम चार तास आणि त्यातला पहिला तास घरी व्हिडिओ कॉलला जातो. म्हणून आधीच अ‍ॅपवरून कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटाचं ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम) घेऊन ठेवलं, 3 जीबी, 9 डॉलर. कंपनीचं नाव लिहीत नाही, रिफंडची भांडाभांडी चालू आहे.

फिलिप्सबर्गला उतरलो, सिम ऑन केलं, नेटवर्क शून्य. तीनदा फोन रिस्टार्ट. सपोर्टवाला चॅटवर म्हणे सर तुम्ही सेंट मार्टिनमध्ये नाही, सिंट मार्टेनमध्ये आहात. अरे बाबा बेट एकच आहे ना, सगळं मिळून 87 चौरस किमी! पण तो बरोबर होता, तेच जास्त झोंबलं.

फ्रंट स्ट्रीटवर दागिने-घड्याळांची बरीच दुकानं आपल्याकडच्या सिंधी लोकांची, तिथल्या एका काकांनी हिंदीत समजावलं. 1648 च्या तहापासून उत्तर भाग फ्रेंचांचा, दक्षिण डचांचा. फ्रेंच बाजू आधी ग्वादलूप या दुसऱ्या फ्रेंच बेटाच्या कारभारात होती, 2007 ला वेगळी झाली, युरो चालतो, युरोपियन युनियनमध्येही येते. सिंट मार्टेन मात्र 10 ऑक्टोबर 2010 पासून, म्हणजे नेदरलँड्स अँटिलीस (कॅरिबियनमधल्या डच बेटांचा गट) मोडलं तेव्हापासून, डच राज्यातला वेगळा 'देश'. पंतप्रधान स्वतःचा, पासपोर्ट डच, लष्कर आणि परराष्ट्र खातं हेगकडे (नेदरलँड्सच्या सरकारकडे), आणि युनियनमध्ये नाही. फोनचा कोड इकडे 721 तिकडे 590, म्हणजे पलीकडच्या गावात फोन लावला तरी आयएसडी. वीज पण इकडे 110 व्होल्ट, तिकडे 220, काय बोलणार.

शेवटी मिनीबस पकडून फ्रेंच बाजूच्या मारिगोकडे निघालो. बॉर्डरवर ना गेट ना पोलीस, एक बोर्ड मागे गेला आणि खिशात फोन टिंग टिंग वाजायला लागला. आई म्हणाली इतका वेळ कुठे होतास, म्हटलं दुसऱ्या देशात.

मारिगोत स्पीड झकास, ते 2 स्टार त्याचेच. पण अ‍ॅपच्या लिस्टमध्ये नुसतं 'सेंट मार्टिन' लिहिलंय, पुढे 'फ्रेंच' टाकायला काय जात होतं? आणि 'सेंट' टाइप केलं तर 'सिंट' सर्चमध्ये येतच नाही, स्पेलिंग वेगळं. क्रूझ शिप तर बहुतेक फिलिप्सबर्गलाच लागतात, त्यामुळे शिपवाल्यांनो घ्यायच्या आधी देशाचा कोड एसएक्स आहे का एमएफ ते बघा, एसएक्स म्हणजे डच बाजू, एमएफ म्हणजे फ्रेंच.

रिफंडऐवजी व्हॅलिडिटी 7 दिवस वाढवून दिलीये. शिप परत तिकडे लागणार 14 दिवसांनी.