थाई फ्यूजन रेस्तराँ: सात महिने, अकरा वेळा आणि बरण्यांचं प्रकरण

गेल्या शनिवारी बिल आलं तेव्हा खालून तिसऱ्या ओळीत ‘कॉन्डिमेंट ट्रे १’ असं छापलेलं होतं आणि समोर रक्कम. रक्कम फार नव्हती, पाण्याच्या बाटलीपेक्षा कमीच. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. नवरा म्हणाला, “जाऊ दे ना.” लेकीने मोबाइलमध्ये डोकं घातलं, कारण पुढे काय होणार ते तिला ठाऊक होतं.

हे रेस्तराँ उघडलं तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात मी पाच तारे देऊन मोकळी झाले होते. उपनगरात राहणाऱ्या माणसाला थाई खायचं तर तासभर जायचं आणि तासभर यायचं. हे आमच्या घरून चालत दहा मिनिटांवर. त्या आनंदाच्या भरात लिहिलं होतं ते. आता सात महिने झालेत, अकरा वेळा जाऊन आलोय, तीनदा घरी मागवलंय. तेव्हा ते पाच तारे विसरा. सजावट, पार्किंग, बांबूचे दिवे यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यात शिरत नाही.

पहिल्या भेटीत प्रत्येक टेबलावर स्टीलच्या स्टँडमध्ये काचेच्या चार छोट्या बरण्या होत्या. एकीत साखर, एकीत सुक्या मिरचीची भरड, एकीत फिश सॉस आणि चौथीत व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या मिरचीच्या चकत्या. थायलंडमध्ये याला ख्रुआंग प्रुंग म्हणतात, आणि नूडल्सच्या साध्यातल्या साध्या दुकानातही हा संच टेबलावर असतो. गोड, तिखट, खारट, आंबट. शेवटची चव ज्याची त्याने लावायची. लोक आधी चाखतात, मग चिमूट साखर, अर्धा चमचा व्हिनेगर असं करत वाडगा आपल्या जिभेला जुळवून घेतात, आणि त्यात स्वयंपाक्याचा अपमान कोणी मानत नाही. मला ही रीत इतकी पटली की पहिल्या पाच ताऱ्यांतले दोन तरी या स्टँडचे होते, हे आज कबूल करते.

तिसऱ्या महिन्यात स्टँड गायब. मागितला की यायचा. चौथ्या महिन्यात मागितल्यावरही स्टँड नाही, अंगठ्याएवढ्या चार वाट्या यायला लागल्या. मिरचीच्या चकत्या मोजून पाच. पाचव्या महिन्यात “शेफ चव बॅलन्स करूनच देतात, मॅम” हे वाक्य सुरू झालं. मॅनेजर ते म्हणताना हात पाठीमागे बांधून उभा राहतो. आणि सातव्या महिन्यात त्याच वाट्यांचं बिल.

आता जेवणाबद्दल लिहिते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती व्हिनेगर प्यायला जाते.

ग्रीन करी स्पॅगेटी मागवा. डोळे झाकून मागवा. नाव वाचून मीही नाक मुरडलं होतं, पण बँकॉकमधल्या कॅफेंमध्ये हा पदार्थ रुळलेला आहे, इथल्या कोणाच्या डोक्यातून निघालेला नाही. यात खरी करामत नारळाच्या दुधाची. वरचं दाट दूध आधी तेल सुटेपर्यंत आटवायचं आणि त्या तेलात करीची पेस्ट परतायची. या तेल सुटण्याला थाईमध्ये ‘तैक मान’ असा शब्दच आहे. घरी पाकिटातलं दूध वापरलं की तेल बऱ्याचदा सुटतच नाही, कारण दूध एकजीव राहावं म्हणून त्यात स्टॅबिलायझर घातलेला असतो. मग पेस्ट परतली न जाता नुसती उकडते आणि कच्ची लागते. इथे ताटलीच्या कडेला हिरव्या तेलाचे थेंब दिसतात. अकरातल्या आठ वेळा आम्ही हा पदार्थ घेतला आणि आठही वेळा ते थेंब होते. असं सातत्य फार कमी ठिकाणी मिळतं.

‘हे अस्सल थाई नाही’ म्हणून तक्रार करणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण ती तक्रार मला कळत नाही. मिरचीच मुळात अमेरिका खंडातली; पोर्तुगीज १५११ मध्ये अयुथयाच्या, म्हणजे सयामच्या तेव्हाच्या राजधानीच्या, दरबारी पोहोचले आणि त्या शतकात त्यांच्याच व्यापारातून ती तिकडे रुजली. त्याआधी तिखटपणा काळ्या मिरीचा होता, म्हणून थाई भाषेत मिरीला आजही ‘फ्रिक थाई’, म्हणजे थाई मिरची म्हणतात. पॅड थाई म्हणाल तर नूडल्स चिनी, आणि पदार्थाचा प्रसार केला तो फिबुन सोंगख्राम यांच्या राष्ट्रवादी सरकारने, ज्यांच्या काळात १९३९ साली सयामचं थायलंड झालं. तेव्हा मिसळायचं तर खुशाल मिसळा. फक्त चव लागू द्या.

टॉम यम पिझ्झाला ती लागलेली नाही. टॉम यम हे आंबट-तिखट सूप. त्यात गलांगल (आल्यासारखं मूळ), गवती चहा आणि मक्रूट लिंबाची पानं उकळत्या पाण्यात पडतात आणि त्या वाफेतच निम्मं सूप नाकाने पिऊन होतं. लिंबू पिळायचं ते आच बंद केल्यावर. इथे त्या सगळ्याचा लगदा करून चीजखाली दाबून भट्टीत घालतात. वास उडून जातो, लिंबाचा मागे उरलेला कडवटपणा तेवढा जिभेवर बसतो आणि गवती चह्याचे दोरे दातांत अडकतात. २०२४ मध्ये युनेस्कोने टॉम यम कुंगला, म्हणजे कोळंबीच्या टॉम यमला, अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हा पिझ्झा त्याच्या आधी तयार झाला असता तर बहुधा फेरविचार झाला असता. त्याऐवजी साधं सूप घ्या, ते उत्तम आहे. त्यातले लाकडासारखे तुकडे चावायचे नसतात, बाजूला काढायचे. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ निष्ठेने गलांगल चावत बसले होते. सांगावंसं वाटलं, पण नवऱ्याने टेबलाखालून पाय दाबला.

पॅड क्रापाव, म्हणजे तुळस घालून कढईत परतलेला पदार्थ, दुसऱ्या महिन्यापर्यंत खरा होता. क्रापाव ही तुळस. लवंगेसारखी झणझणीत, तापल्या कढईत पडली की ठसका लागतो. नंतर पान बदललं. आता हॉरापा घालतात, म्हणजे सब्जाच्या जातीची, बडीशेपेच्या वासाची. वाईट नाही, पण मग नाव बदला. मिरचीची एक ते पाच चित्रं मेनूत आहेत, त्यांवर विसंबू नका. एका आठवड्याची तीन म्हणजे पुढच्या आठवड्याची पाच. भाताची वाटी किती लहान आहे आणि दुसऱ्या वाटीचे किती घेतात यावर मी आज लिहीत नाही, कारण मग बरण्या राहून जातील.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने लिहायलाच हवी. माझा दीर शाकाहारी आहे. त्याने व्हेज रेड करी मागवली, वेटरने लिहून घेतली आणि दोन मिनिटांनी परत आला. म्हणाला, “सर, भाज्या घालू, पण आज पेस्ट एकच आहे आणि तिच्यात कापी आहे, कोळंबीची आंबवलेली पेस्ट. वेगळी पेस्ट संपली. चालेल का?” पारंपरिक करी पेस्टमध्ये कापी असतेच, आणि चिकन काढून वर टोफू टाकला की झालं व्हेज असं समजून गप्प बसणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. इथे त्यांनी ऑर्डर घालवली, पण सांगितलं. दीर भात आणि काकडीवर जेवला आणि तरीही खूश होता. शाकाहारी असाल तर दरवेळी विचाराच, फिश सॉसचंही विचारा.

तर, पॅड थाई. बरण्यांचा खरा संबंध इथे येतो. पहिल्या तीन महिन्यांत हा पदार्थ नीट होता: चिंचेचा आंबटपणा पुढे, ताडगूळ मागे, नूडल्स सुट्या. चौथ्या महिन्यापासून गोडी वाढत गेली. बहुधा मुलांच्या पंगती वाढल्या, पोरांच्या ताटल्या रिकाम्या परत जायला लागल्या आणि आत कुणीतरी अंदाज बांधला. सहाव्या महिन्यात तो जवळपास मिठाईच्या वळणावर गेला होता. आता बघा, नेमक्या त्याच महिन्यांत बरण्या आक्रसत गेल्या. ज्या वेळी व्हिनेगरची सर्वांत जास्त गरज, त्या वेळी पाच चकत्या. (घरी मागवायचा विचारही करू नका. डबा उघडला की नूडल्सची वीट निघते. आम्ही ती सुरीने कापली आहे.)

म्हणून शनिवारी मी मॅनेजरला बोलावलं. त्याने हात पाठीमागे बांधले. मी म्हटलं, बॅलन्स झालेला असेल तर बरण्या लागायच्या नाहीत, आणि लागतात म्हणून तुम्ही त्यांचे पैसे घेता, म्हणजे बॅलन्स नाही हे तुम्हालाच मान्य आहे. तो म्हणाला, “मॅम, पॉलिसी आहे.” मी म्हटलं, मग शेफनाच विचारू. लेक म्हणाली, “आई, प्लीज.”

शेफ बाहेर आल्या. हो, आल्या, सात महिने मी मनात एक मिशीवाला अहंकारी माणूस धरून चालले होते. पन्नाशीच्या बाई, एप्रन, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. त्यांनी शांतपणे विचारलं, “तुम्ही व्हिनेगर कशावर घालता?”

मी म्हटलं, सगळ्यावर. ग्रीन करीवर, क्रापाववर.

त्यांचा चेहरा असा झाला की मला शाळेतल्या बाई आठवल्या. त्या म्हणाल्या, “करीवर नाही हो घालत. करी आतच पुरी होते. या बरण्या नूडल्सच्या.” मग आत गेल्या आणि एक वाटी घेऊन आल्या: फिश सॉसमध्ये बारीक चिरलेली मिरची, वर लिंबू पिळलेलं. फ्रिक नाम प्ला. भाताबरोबरच्या जेवणाला हे लागतं, म्हणाल्या. क्रापावच्या उरलेल्या दोन घासांवर मी ते थेंबभर घातलं. काय सांगू! सात महिने मी चुकीच्या बरणीशी भांडत होते. त्या वाटीचे पैसे बिलात नव्हते, हेही नोंदवते.

तेव्हा करीपुरती माझी तक्रार मी मागे घेतली, आधी लिहिलेलं ‘कसंही जुळवून घ्या’ थोडं सुधारून घ्या. पण नूडल्सपुरती सोडलेली नाही. मी पॅड थाईची ताटली त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी काट्याने थोडं उचलून खाल्लं. काहीच बोलल्या नाहीत. मग मॅनेजरकडे बघून एवढंच म्हणाल्या, “नूडल्सला स्टँड द्या. पैसे नाही लावायचे.” आणि ताटली स्वतः उचलून आत घेऊन गेल्या. दुसरी आली ती पहिल्या महिन्यासारखी होती.

इथे मी विजयी मुद्रेने संपवणार होते. पण निघताना वेटर दारापर्यंत आला. दिराला कापीबद्दल सांगणारा तोच मुलगा. जरा अवघडून म्हणाला, “मॅम, रागावू नका. स्टँड काढला त्याचं कारण म्हणजे चौथी बरणी. तुम्ही आलात की ती नव्याने भरावी लागायची. मिरच्या चिरा, व्हिनेगर घाला. बाकी टेबलांवर चार दिवस पुरायची. तुमच्या टेबलावर एका जेवणात रिकामी व्हायची. मॅनेजरांना वाटलं कोणीतरी घरी नेतंय.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने लेकीकडे. ती मोबाइल खिशात घालत म्हणाली, “मला आवडतात. वाट बघताना खाते मी. लोणच्यासारख्या लागतात.”

पाचाचे मी तीन तारे केले होते, आता चार करतेय. पाचवा भाताच्या वाटीसाठी राखून ठेवलाय. काल पुन्हा गेलो, बारावी खेप. स्टँड न मागता आला. वेटरने तो टेबलाच्या माझ्या टोकाला ठेवला, लेकीच्या हातापासून सर्वांत लांब, आणि जाताना चौथ्या बरणीचं झाकण घट्ट लावून गेला.