बिनशब्दांचं पुस्तक की पालुपदाचं?

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी पुस्तक निवडताना माझा ओढा आधी बिनशब्दांच्या चित्रपुस्तकाकडे जातो. तिथे गोष्ट मूलच सांगतं. ‘हा का रडतोय? आता काय होईल?’ एवढं विचारून आपण गप्प बसायचं. ही गप्प बसण्याची सवय मोठ्यांनाच अवघड जाते! अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 साली दोन-अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिनाभर घरी असे मोकळे प्रश्न विचारत पुस्तक वाचलेली मुलं, नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा बोलण्यात पुढे गेली.

पण छापील अक्षरांशी ओळख बिनशब्दांच्या पुस्तकातून होत नाही. तिथे पालुपदाचं पुस्तक हवं. तीच ओळ पानोपानी आली, की चौथ्या वाचनाला मूल ती आपल्याआधी म्हणतं. तेव्हा ओळीखालून बोट फिरवा. उच्चारलेला शब्द आणि छापलेला शब्द यांची सांगड तिथे बसू लागते. यमक असेल तर शेवटचा शब्द आपण गाळायचा, मुलाने भरायचा. ‘पाऊस’ला ‘खाऊस’ जुळवणारा कान पुढे अक्षरं लवकर पकडतो.

मूल कमी बोलत असेल तर पहिलं, अक्षरांवर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारू लागलं असेल तर दुसरं.