भाजल्यावर रोजचं मलम की आठवडाभर राहणारं ड्रेसिंग?

रविवारी सकाळी नाशिकात मिसळीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नेमक्या त्याच वेळी धाकट्या दिरांच्या हातावर उकळती तर्री सांडली. तेल पाण्यापेक्षा वाईट, कातडीला धरून बसतं आणि भाजतच राहतं. कुणी हळद, कुणी टूथपेस्ट शोधेपर्यंत त्यांनी हात नळाखाली धरला होता, हे नशीब. साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. बर्फ अजिबात नाही. तीन तासांच्या आत केलं तरी त्याचा उपयोग होतो.

मनगटाच्या वर त्यांच्याच पंजाएवढ्या जागेत फोड आले. बोटांसकट आपला पंजा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. एवढ्यासाठी ॲडमिट व्हावं लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आणि प्रश्न उरला तो पट्टीचा.

पहिला पर्याय म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचं पांढरं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन. १९६८ साली अमेरिकेत चार्ल्स फॉक्स यांनी ते आणलं आणि जगभरातल्या बर्न वॉर्डांचं ते नेहमीचं औषध झालं. ट्यूब स्वस्त, गोळे कॉलनीतल्या औषधांच्या घाऊक बाजारात घेतली तर आणखी थोडी स्वस्त. आम्ही तेच घेतलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना दीर खाटेचा लोखंडी दांडा धरून बसले होते. सलाइन ओतून ओतून कापड सुटलं, तर खाली मलमाचा करडा-पिवळा लगदा. तो पुसल्याशिवाय नवीन मलम लावता येत नाही, आणि पुसायचा म्हणजे उघड्या जखमेवरून हात फिरवायचा. शिवाय भाजल्याची खोली पहिल्या दोन-तीन दिवसांत बदलू शकते, ती नीट बघायची तर हा थर आड येतो. जंतू मारणारं हे औषध नव्या कातडीच्या पेशींनाही सुखाने वाढू देत नाही. भाजलेल्या जखमांच्या ड्रेसिंगवरच्या चाचण्या एकत्र तपासणारा, कोक्रेन या संशोधन-संस्थेचा २०१३चा आढावाही मलमाच्या विरुद्धच जातो: चांदीची किंवा सिलिकॉनची ड्रेसिंग लावलेल्या जखमा या मलमापेक्षा लवकर भरल्या. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना, दिवस भरत आलेल्या बाईला आणि तान्ह्या बाळाला तर ते लावतच नाहीत.

दुसरा पर्याय चांदीचा फोम, म्हणजे चांदीचा अंश असलेली स्पंजासारखी पट्टी. प्रकारानुसार तीन ते सात दिवस जागचा हलवायचा नाही. किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, ‘चांदीची बांगडीच घाला की मग!’ पण हिशेब ट्यूबचा नव्हे, पट्ट्या किती वेळा बदलाव्या लागतात याचा करायचा. सिडकोतून रोजची रिक्षा, ड्रेसिंगचे पैसे, दुकानाचा अर्धा दिवस आणि तो दांडा धरून बसणं. चौथ्या दिवशी आम्ही फोमवर आलो. नंतर पट्टी दोनदाच बदलली.

कोलॅजेनची शीट हाही एक मधला मार्ग आहे. ताज्या, स्वच्छ, वरवरच्या भाजण्यावर ती बसते आणि खालची कातडी आली की आपोआप सुटते. जखमेत पू असेल तर मात्र नको.

घरगुती उपायांत मध उगाच बदनाम आहे. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ रुग्णांवरचा अभ्यास छापला, त्यात मधाने याच मलमाला मागे टाकलं. मुंबईत डॉ. केसवानींनी बटाट्याच्या उकडलेल्या सालींच्या पट्ट्या करून पाहिल्या. त्या जखमेला चिकटत नाहीत. पण ती निर्जंतुक केलेली साल, घरच्या डब्यातली नव्हे. मधाचंही तसंच, जखमेवर वैद्यकीय मधच लावायचा.

मग मलम कुणाला? खोल भाजलंय, ऑपरेशन व्हायचंय, तोवर जंतू थोपवायचे आहेत, अशांना डॉक्टर अजूनही देतात. चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, सांधा, गुप्तांग किंवा विजेचा शॉक असेल, तर या तुलनेत पडूच नका. थेट बर्न वॉर्ड असलेलं हॉस्पिटल गाठा.

जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर जाड व्रण राहण्याची भीती वाढते. तेव्हा कातडी लावायची का, हे प्लास्टिक सर्जनला विचारावं. छोट्या व्रणाला सिलिकॉन जेल किंवा शीट पुरते. मोठ्या व्रणावर दाब देणारा, मापाने शिवलेला घट्ट प्रेशर गारमेंट दिवसाचे तेवीस तास, महिनोन्‌महिने घालायचा असतो, आणि मे महिन्यात भट्टीशेजारी उभं राहणारा माणूस तो किती दिवस घालेल, हे घेण्याआधीच स्वतःला विचारा.