बायोफिल्मसाठी घेतलेला काचेचा रिअ‍ॅक्टर, आठ महिने वापरून लिहितेय

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका लॅब सप्लायवाल्याकडून फेब्रुवारीत हा सेट घेतला. अर्ध्या लिटरचा काचेचा कॉलम, बाहेरून पाण्याचं जॅकेट, पेरिस्टाल्टिक पंप (रोलरने ट्यूब दाबत द्रव पुढे ढकलणारा) आणि ट्यूबिंग. बॅक्टेरियाचा थर, म्हणजे बायोफिल्म, जमवून त्याच्याकडूनच कॅटॅलिस्टचं (रासायनिक क्रिया घडवून आणायचं) काम करून घ्यायचं असेल तर बिनधास्त घ्या, फक्त त्यांची ट्यूबिंग वापरू नका, त्याबद्दल खाली सांगते.

आमचं काम म्हणजे अ‍ॅसिटोबॅक्टर नावाच्या बॅक्टेरियाकडून अल्कोहोलचं व्हिनेगर करून घेणं. आयडिया जुनीच आहे, जर्मनीत शुट्झेनबाखने 1823 मध्ये लाकडाच्या छिलक्यांवरून अल्कोहोल ठिबकवून हेच केलं होतं. मी छिलक्यांऐवजी दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचे तुकडे भरले, उकळून, ऑटोक्लेव्हमधे (दाबाखालच्या गरम वाफेत) निर्जंतुक करून. पहिले दोन दिवस कल्चर (वाढवलेले बॅक्टेरिया असलेलं द्रव) नुसतं फिरवत ठेवलं, मग ताजं मीडियम (बॅक्टेरियाचं द्रव खाद्य) सुरू करून फ्लो हळूहळू वाढवत नेला. फ्लो इतका ठेवायचा की मोकळे पोहणारे बॅक्टेरिया वाढायच्या आधीच वाहून जातात आणि चिकटलेले तेवढे राहतात. सहाव्या दिवशी तुकड्यांच्या खळग्यांमधे दुधावर येते तशी पातळ साय दिसली आणि बाप्पा काय आनंद झाला! तेव्हापासून टायट्रेशनला (आम्ल किती झालं ते मोजायला) ब्युरेटमधून जास्त जास्त कॉस्टिक सोडा लागायला लागला, आम्ल संपल्याचा गुलाबी रंग यायलाच तयार नाही, म्हणजे व्हिनेगर जोरात बनत होतं. हाच थर सलग तीन महिने चालला, दर बॅचला नवीन कल्चर वाढवा ही कटकटच गेली.

जॅकेटला पूर्ण मार्क. या बॅक्टेरियाला 30 अंशांच्या आसपास बरं वाटतं, त्यात रिअ‍ॅक्शनची स्वतःची पण उष्णता निघते आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45. बर्फाच्या बादलीत छोटा पंप टाकून जॅकेटमधून थंड पाणी फिरवलं म्हणून निभावलं, साधा कॉलम असता तर थर मेलाच असता.

आता ट्यूबिंग. सिलिकॉन सांगून दिलेली ट्यूब पहिल्याच ऑटोक्लेव्हला पांढरी पडून चपटी झाली, म्हणजे पीव्हीसीच होती. दुकानदाराकडे परत नेली तर बदलून दिली नाही, वरून तुम्हीच जास्त तापवली म्हणे. अहो ऑटोक्लेव्ह 121 अंशांवरच चालतो ना! खरी सिलिकॉन वेगळी विकत घेतली. ती पण पंपाच्या रोलरखाली एकाच जागी दबून चिरते, म्हणून दर चार-पाच दिवसांनी थोडी पुढे सरकवा, नाहीतर रात्री अख्खं मीडियम टेबलावर.

आणि कॉलमचं खालचं तोंड अरुंद आहे. एकदा कल्चरमधे सेल्युलोज बनवणारी बॅक्टेरियाची जात शिरली, तिचा जाड चिकट गोळा तिथेच अडकला आणि आख्खा कॉलम रिकामा करावा लागला. तोंड बोटभर जरी रुंद असतं ना तर पाच स्टार दिले असते, सध्या चार.

आंबिया बहाराची संत्री आली की रस आंबवून तो यातून सोडायचाय, त्यासाठी दुसरा कॉलम पण इथूनच घेणार आहे, ट्यूबशिवाय.