वोनबोटीला नव्या फळ्या लावून सतरा महिने झाले

पाण्याकडच्या खिडकीखालची, भिंतीच्या बाहेरून लावलेली फळी मी सहज स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिली, तर पातं मुठीपर्यंत आत गेलं. वरून रंग धड होता, कुठे पोपडा नाही की फुगवटा नाही. आत मात्र लाकडाचा ओला भुसा झाला होता आणि त्याला पावसाळ्यात सरपणाच्या खोपीत येतो तसा वास येत होता. घर घेऊन आम्हाला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

घर म्हणजे नेदरलँड्समध्ये झान नदीवर, झानडॅमच्या जरा वरच्या अंगाला दोरांनी बांधून ठेवलेली आमची वोनबोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारं राहतं घर. इथे या प्रकाराला आर्क म्हणतात. खाली काँक्रीटचं नांदेसारखं पोकळ बूड आणि वर लाकडी सांगाड्याचं घर. बांधकाम १९७८ सालचं, लांबी १५ मीटर, रुंदी साडेचार. पोलादी बुडाच्या बोटी दर काही वर्षांनी गोदीत नेऊन तपासून घ्याव्या लागतात, काँक्रीटला ती कटकट नाही. त्यामुळे माणूस निर्धास्त होतो आणि वरच्या घराकडे बघायचं राहून जातं. आमचं तसंच झालं.

जुन्या फळ्या काढण्याआधी दोन गोष्टी केल्या, त्या तुम्हीही आधीच करा. पहिली ॲस्बेस्टॉसची तपासणी, म्हणजे जुन्या पत्र्यांत असणाऱ्या, फुप्फुसांना घातक अशा खनिज तंतूंची. इथे त्याच्यावर १९९३ साली बंदी आली, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही बांधकामात ते असू शकतं. आमच्याकडे खिडक्यांखालच्या दोन सपाट पत्र्यांत निघालं, आणि ते काढायला परवानाधारक माणसं बोलावली. दुसरी गोष्ट नगरपालिकेत चौकशी. २०१८ पासून कायद्याच्या दृष्टीने वोनबोट म्हणजे इमारतच, त्यामुळे बाहेरचं रूप बदलताना विचारून घेतलेलं बरं.

फळ्या निघाल्या तेव्हा कुजण्याचं कारण समोरच दिसलं. डांबरी कागद, त्यावर थेट ठोकलेल्या स्प्रूसच्या, म्हणजे पाइनसारख्या मऊ लाकडाच्या फळ्या आणि त्यांवर रंगाचे थरावर थर. मध्ये बोटभरही जागा नाही. स्वयंपाकाची, आंघोळीची, चार माणसांच्या श्वासाची वाफ थंडीत भिंतीतून बाहेर निघते आणि गार फळीच्या पाठीवर तिचं पाणी होतं. त्या पाण्याला पुढे रंग अडवत होता, मागे कागद. पाऊस बाहेरून मारत होता तो वेगळाच, पण सर्वांत जास्त कुजलेली फळी न्हाणीघराच्या भिंतीवरची होती, आणि त्या बाजूला पाऊस फारसा येतही नाही.

हे मी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आमचं घर गुहागरकडचं. दर वर्षी जूनआधी पश्चिमेच्या भिंतीला झापं बांधायची, झडीपासून माती वाचवायची, हे त्यांनी पन्नास वर्षं केलंय. त्यांनी फळ्यांची जात विचारली नाही, किंमत विचारली नाही.

"अगं, फळीच्या मागं वारा खेळेल का?"

"खेळेल बाबा. मागे रिपा मारून जागा सोडणार आहोत."

"मग कुठलंही लाव."

कुठलंही नाही लावलं, पण सुतारालाही सगळ्यांत आधी हेच सांगितलं : सांगाड्यावर वाफ बाहेर सोडणारा पण पाणी आत न घेणारा कागद, त्यावर २५ मिलिमीटरच्या उभ्या रिपा, खाली-वर मोकळी फट आणि फटीला बारीक स्टीलची जाळी. जाळी विसरू नका. पाण्यावरच्या घराला कोळ्यांचा जो त्रास असतो तो किनाऱ्यावरच्या माणसाला सांगून पटत नाही.

आता फळ्यांचं. चार पर्याय आम्ही हातात घेऊन पाहिले.

फायबर सिमेंट, म्हणजे सिमेंटमध्ये तंतू घालून बनवलेल्या फळ्या. ते कुजत नाही, जळत नाही, रंग वर्षानुवर्षं टिकतो. जमिनीवर घर असतं तर बहुतेक तेच घेतलं असतं. पण एकमेकांवर चढवून लावलं की चौरस मीटरला १६ ते २० किलो वजन पडतं. आमच्या भिंती खिडक्या वगळून ६८ चौरस मीटर, म्हणजे टनाच्या वर. गणित सोपं आहे. १५ गुणिले साडेचार म्हणजे साडेसदुसष्ट चौरस मीटर, तेव्हा दर ६७५ किलोला बूड एक सेंटीमीटर खाली जातं. एवढ्याने बुडत कोणी नाही. प्रश्न तोलाचा येतो, त्याबद्दल पुढे सांगते.

प्लॅस्टिकच्या पट्ट्या हलक्या, रंगकाम नाही. शेजारच्या एका बोटीवर गडद करड्या लावल्या आहेत. उन्हात चार मीटरची पट्टी सहज सेंटीमीटरभर वाढते. तिला सरकायला जागा ठेवली नाही की पट्टीलाच लाटा येतात, आणि त्यांच्या दक्षिणेकडच्या भिंतीला त्या आल्या आहेत. दाबून बनवलेले टणक लॅमिनेटचे मोठे तक्ते मला दिसायला आवडले, पण सत्तेचाळीस वर्षांच्या आर्कमध्ये एकही कोपरा काटकोनात नसतो. मोठा तक्ता ते सगळं चव्हाट्यावर आणतो, अरुंद फळी सांभाळून घेते.

राहिलं लाकूड. झानच्या काठावर राहून लाकडाकडे मन वळणार नाही असं होतच नाही. इथली जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाल्याची, भुसभुशीत. विटांच्या भिंतींचं ओझं तिला पेलत नसे, म्हणून लोकांनी लाकडाची हलकी घरं बांधली आणि हिरव्या रंगात रंगवली. झान्से स्खान्स या इथल्या जुन्या घरांच्या आणि पवनचक्क्यांच्या पर्यटनस्थळी जाऊन आलेल्यांना तो हिरवा आठवत असेल. वाऱ्यावर चालणाऱ्या लाकूड-कापणीच्या गिरणीचं पेटंट कोर्नेलिस कोर्नेलिसझोन यांनी १५९३ साली मिळवलं, तेही इथलेच, उटखेस्टचे. पुढे या नदीकाठी शेकडो गिरण्या उभ्या राहिल्या. कमजोर जमिनीवर हलकं घर, त्याच हिशेबाने पाण्यावर हलकं घर. जुन्या घरांसारख्याच, कौलं चढतात तशा एकमेकींवर चढणाऱ्या आडव्या फळ्या घ्यायच्या हे तेव्हाच ठरलं.

रेड सीडर सर्वांत हलकं, पण मऊ. दोर, होडी, मुलांची सायकल, काहीही घासलं की खळगा. आम्ही अकोया घेतलं. रेडिएटा पाइनचं लाकूड ॲसिटिक ॲनहायड्राइड या व्हिनेगरमधल्या आम्लाच्या जवळच्या रसायनात मुरवून ते बनवतात, आणि त्याचा कारखाना इथेच, आर्नेमला आहे. या प्रक्रियेनंतर लाकूड पाणी फारसं धरून ठेवत नाही, म्हणून फुगत-आकसत नाही आणि बुरशीलाही ते खाता येत नाही. जमिनीचा स्पर्श नसेल तर कंपनी ५० वर्षांची हमी देते. करवत लागली की व्हिनेगरचा भपकारा येतो. दोन आठवडे आमच्या घरात लोणचं घातल्यासारखं वाटत होतं. नुसतं लाकूड साडेसात हजार युरोंच्या आसपास पडलं, आणि घेताना हात थरथरला हे खरं आहे.

लाकडात उरलेल्या याच व्हिनेगरच्या आम्लामुळे साधे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले खिळे-स्क्रू त्याला चालत नाहीत, स्टेनलेस स्टीलच लागतं. हे आम्ही सुताराला लिहून दिलं होतं. भिंतींना त्याने तेच वापरलं. कोपऱ्यांच्या उभ्या पट्ट्या मात्र शेवटच्या दिवशी घाईत पेटीतल्या दुसऱ्याच स्क्रूंनी मारल्या. ऑगस्टपर्यंत प्रत्येक डोक्याखाली गंजाचा तांबूस ओघळ उतरला. छत्तीस स्क्रू नवऱ्याने एकेक करून काढले, दोन मोडून आतच राहिले. तुम्ही करत असाल तर स्क्रूंचा खोका स्वतः विकत आणा आणि सुताराच्या हातात द्या.

दुसरी चूक मोठी, आणि ती आमच्या सगळ्यांची. पाण्याकडच्या बाजूच्या जुन्या फळ्या निघाल्या होत्या, तेवढ्यात नव्या फळ्यांची पहिली खेप आली आणि ती किनाऱ्याकडच्या कडेवर रचली. एका बाजूचं वजन गेलं, दुसऱ्या बाजूला वाढलं. आर्क किनाऱ्याकडे कलला. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं, न्हाणीतलं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचलं. मी मोजलं तर या कडेपासून त्या कडेपर्यंत चार सेंटीमीटरचा फरक. सुतार जमिनीवरच्या घरांची कामं करणारा, हाताचा चांगला. त्याने पुढच्या आखूड भिंतीवर लेव्हल बॉटल, म्हणजे बुडबुड्याने पातळी दाखवणारी पट्टी, लावून तीन ओळी मारल्या. बुडबुडा बरोबर मधोमध होता. चौथी ओळ खिडकीखाली आली तेव्हा कळलं, चौकटीखालची जागा एका टोकाला दुसऱ्यापेक्षा बोटभर जास्त. घर वाकडं होतं, फळ्या पाण्याला समांतर होत्या.

तिन्ही ओळी उतरवल्या. तरंगत्या घरात बुडबुड्याकडे बघायचंच नाही. खिडक्यांच्या चौकटी आणि छताची कड, घराच्या या स्वतःच्या रेषांवरून माप घ्यायचं. आणि सामान दोन्ही बाजूंना सारखं वाटून ठेवायचं. काम संपल्यावरही किंचित कल उरला होता, तो बुडात फरशीचे सिमेंटचे तुकडे इकडून तिकडे हलवून काढला. ३० बाय ३०ची एक फरशी नऊ किलोंची, बावीस हलवल्या. एकूण आर्क बोटाच्या पेराएवढाही खाली गेला नाही.

आता सतरा महिन्यांनंतर. मागचा हिवाळा पूर्ण गेला, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा पाऊस पुरेपूर खाऊन झाला. एकही फळी वाकलेली नाही, सांधे उघडलेले नाहीत. जानेवारीत मी न्हाणीघराच्या भिंतीवरची एक फळी मुद्दाम उतरवून मागच्या रिपेला ओलावा मापक लावला : १६ टक्के. त्याच जागी जुन्या लाकडात २९ आला होता. वीसच्या वर लाकूड राहिलं की कुजायची भीती असते. तो आकडा मी त्याच मिनिटाला बाबांना पाठवला. घरातही फरक आहे. खिडक्यांच्या काचांवर सकाळी पूर्वीइतकं पाणी नसतं, आणि मुलांच्या खोलीतल्या कपाटामागचा काळा डाग पुन्हा उठला नाही.

रंगाबाबत मात्र मी अर्धी चुकले. किनाऱ्याकडची आणि दोन्ही आखूड बाजू हिरव्या रंगवल्या, दोन हात. रंग आजही कालच्यासारखा आहे, कारण खालचं लाकूड हलतच नाही. पाण्याकडची लांब भिंत तशीच कोरी सोडली. तिथे रंग द्यायला तराफ्यावर उभं राहावं लागतं आणि कोको घेऊन जाणारी मालवाहू बोट गेली की ब्रश छतापर्यंत जातो. ती चंदेरी होईल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. उन्हात येणारा पुढचा भाग खरंच चंदेरी झाला, संध्याकाळी फार देखणा दिसतो. पण झाडाच्या सावलीतला उत्तरेकडचा तुकडा काळपट ठिपक्यांचा, खालच्या तीन ओळी हिरवट बुळबुळीत. लाकूड आतून टणकच आहे, टोचून पाहिलं, टोक रुतत नाही. दिसतं मात्र वाईट, आणि रोज समोरून होडी वल्हवत जाणाऱ्या आजी तेवढ्याच भागाकडे बघतात असं मला वाटतं.

खालची एक ओळ आम्ही वेगळी, सहज निघेल अशी लावली होती आणि तिची खालची कड तिरकी कापली होती, म्हणजे थेंब ओघळून सुटतो, मागे चढत नाही. एप्रिलमध्ये पाणकोंबडीसारख्या एका काळ्या पक्ष्याने, इथे त्याला मेरकूट म्हणतात, दोर आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या आणून नेमकं त्या कडेला टेकून घरटं बांधलं. पिल्लं पोहायला लागेपर्यंत सात आठवडे ओला कचरा फळीला चिकटून होता. नंतर ती फळी काढली, ब्रशने घासली, दहा मिनिटांत परत लावली. मागून कोरडी.

उत्तरेकडच्या तेवढ्या ओळी मे महिन्यात उतरवून, किनाऱ्यावर सुताराच्या लाकडी घोड्यांवर ठेवून, सर्व बाजूंनी रंगवून परत लावायच्या ठरवल्या आहेत. रंगाचे दोन डबे आणि स्टेनलेसचे शंभर स्क्रू आणून ठेवलेत. बाकीच्या भिंतीसाठी शेजाऱ्यांचा तराफा मागून ठेवलाय, मालवाहू बोटी कमी असतात तो रविवार बघून.